तुमची फरशी म्हणजे कुणाचं तरी छत : कॉर्कच्या जमिनीची गोष्ट

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, किंवा ऑफिसात हेडफोन लावून काम करत असल्याचं नाटक करत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी ही संहिता वाचतायत, त्यांचंही.

आजचा विषय आहे फरशी. हो, पायाखालची फरशी. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बीटेक केलंय, मला बांधकामातलं काय कळतं? काहीच कळत नव्हतं. पण मागच्या दीड वर्षात एका खोलीच्या जमिनीने मला जेवढं शिकवलं, तेवढं कॉलेजच्या चार सेमिस्टरनी शिकवलं नाही. म्हणून म्हटलं, एक भाग यावर करूया.

सुरुवात होते एका रविवारी सकाळी. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. माझं काम घरून, आणि टीम अमेरिकेत. म्हणजे माझा खरा दिवस रात्री साडेआठला सुरू होतो आणि दीड-दोनला संपतो. त्या रविवारी दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांचं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं. मला वाटलं, आता भांडण. पण त्या भांडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही एकदा खाली येऊन ऐका, म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही."

मी भावाला म्हटलं, माझ्या खुर्चीवर बस आणि मी करतो तसं इकडून तिकडे सरक, मग उठून फोनवर बोलल्यासारखा फेऱ्या मार. आणि मी खाली गेलो. वहिनी मला त्यांच्या बेडरूममध्ये घेऊन गेल्या, बरोबर माझ्या खोलीच्या खाली. पाळणा तिथेच.

मंडळी, आधी घरघर सुरू झाली. डोक्यावर कुणी जातं फिरवत असावं तशी. मग दण, दण, दण, टाचांचा आवाज. मग भावाने टेबलावरून काहीतरी खाली पाडलं आणि बाळ दचकलं. हात वर उडवून, तान्ही बाळं दचकतात तसं. मला खरंच काय बोलावं ते सुचेना. दोन वर्षं मी रात्री हेच करत होतो. वरती मला माझा आवाज कधी ऐकूच आला नव्हता.

आता यातलं विज्ञान थोडं समजून घेऊ. घरातला आवाज ढोबळमानाने दोन प्रकारे प्रवास करतो. एक हवेतून, म्हणजे आपलं बोलणं, टीव्ही, गाणी. दुसरा आघाताचा. टाच आपटली, खुर्ची सरकली, डबा पडला, की स्लॅबच थरथरतो आणि खालच्या घरासाठी तो पूर्ण स्लॅब स्पीकर बनतो. काँक्रीट जड असतं म्हणून हवेतला आवाज ते बऱ्यापैकी अडवतं. पण आघाताच्या बाबतीत काँक्रीट आणि त्यावर चिकटवलेली कडक व्हिट्रिफाइड टाइल म्हणजे सगळा धक्का जसाच्या तसा खाली. आणि हे खालच्या घरात उपाय करून फारसं थांबत नाही. जिथे टाच आपटते, तिथेच मऊ थर हवा. म्हणजे बग माझ्या कोडमध्ये होता, आणि त्रास दुसऱ्याच्या सिस्टिमला होत होता.

पहिला उपाय मी केला तो स्वस्तातला. जाडसर जाजम आणलं आणि खुर्चीखाली अंथरलं. खुर्चीची चाकं त्यात रुतायला लागली, महिन्याभरात त्यात एवढी धूळ बसली की बाबा खोलीत आले की शिंकायचे. मग शोधाशोध सुरू केली आणि कॉर्कवर येऊन थांबलो.

कॉर्क म्हणजे काय? आपल्या भाषेत बूच. बाटलीचं बूच. पण ते तुम्ही त्याहून जास्त वेळा हाताळलेलं आहे. बॅडमिंटनच्या शटलचं गोल टोक कॉर्कचं. सीझनच्या चेंडूच्या पोटात कॉर्क. शाळेतल्या ज्या बोर्डावर टाचण्या टोचून नोटिसा लावायचे, तो बऱ्याचदा कॉर्कचा. आणि पुण्यातल्या मंडळींना बुचाचं झाड माहीत असेलच. पांढरी, लांब दांड्याची, मंद वासाची फुलं, दोऱ्याशिवाय ज्यांची वेणी गुंफता येते. त्या झाडाला हे नाव पडलं त्याच्या बुचासारख्या सालीमुळे. तिचा हलक्या प्रतीचं बूच म्हणून वापरही व्हायचा. पण फरशीचा कॉर्क त्या झाडाचा नाही हं. तो येतो कॉर्क ओक नावाच्या वेगळ्याच झाडापासून, जे भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाला वाढतं. पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया हा त्याचा मुलूख. जगातला जवळजवळ अर्धा कॉर्क एकटा पोर्तुगाल काढतो.

आणि काढतात कसा, हे ऐकण्यासारखं आहे. झाड तोडत नाहीत. उन्हाळ्यात, जेव्हा साल आतल्या खोडापासून सहज सुटते, तेव्हा कुशल माणसं कुऱ्हाडीने साल कापून मोठे तुकडे सोलून काढतात. आतल्या जिवंत थराला धक्का लागला तर झाड जायबंदी होतं, म्हणून हे येरागबाळ्याचं काम नाही. साल काढली की खोड लालसर, उघडं दिसतं, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात. समजा २०२४ मध्ये सोललं तर खोडावर ४. का? कारण पुढची किमान ९ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही. पोर्तुगालमध्ये हा कायदा आहे. झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा सोलतात, आणि बाटलीच्या बुचासाठी चांगली साल मिळते ती तिसऱ्या खेपेला. म्हणजे झाड चाळिशी ओलांडतं तेव्हा. आपण दोन आठवड्यांच्या स्प्रिंटवर वैतागणारी माणसं, जरा विचार करा.

मग आधीच्या दोन खेपांच्या सालीचं काय करतात? आणि बुचं कापून उरलेल्या तुकड्यांचं? ते दळून त्याचे दाणे करतात, त्यात चिकटवणारं द्रव्य मिसळतात, दाब आणि उष्णता देऊन लाद्या बनवतात. आपली फरशी तिथून येते. म्हणजे बुचाच्या धंद्यातला जो माल एरवी वाया गेला असता, तो तुमच्या पायाखाली.

आता ही साल आवाज का गिळते? १६६५ साली रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याच कॉर्कचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, त्याला मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले, आणि त्याने त्यांना 'सेल' म्हटलं. जीवशास्त्रातला 'सेल', आपण शाळेत 'पेशी' म्हणून शिकलो तो, इथून आला. ल्युडोच्या फाशाएवढ्या कॉर्कमध्ये सुमारे ४ कोटी पेशी असतात, प्रत्येक बंद, आणि आत हवेसारखा वायू. म्हणजे कोट्यवधी चिमुकले फुगे. पाय पडला की ते दबतात, धक्का आतल्या आत जिरवतात, पाय उचलला की परत फुगतात. आणखी एक गंमत. रबर एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने फुगतं. कॉर्क जवळजवळ फुगत नाही, जागच्या जागी दबतो. म्हणून तर तो बाटलीच्या तोंडात दाबून बसवता येतो.

याच पेशींमुळे दुसरा फायदा मिळतो, तो उष्णतेचा. जानेवारीत सकाळी टाइलवर अनवाणी पाय ठेवला की चटका बसतो थंडीचा. टाइल हवेपेक्षा थंड असते असं नाही, ती पायातली उष्णता झपाट्याने ओढून घेते म्हणून थंड लागते. कॉर्क उष्णता फारच हळू ओढतो, म्हणून त्याच खोलीत, त्याच तापमानाला तो कोमट वाटतो. तिसरा फायदा पायांना आणि गुडघ्यांना. ज्यांना उभं राहून काम करायचंय त्यांच्यासाठी, टाइलवर दोन तास आणि कॉर्कवर दोन तास यातला फरक टाचांना विचारा.

आणि हे काही कालचं फॅड नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांमध्ये अमेरिकेत ग्रंथालयांत आणि चर्चमध्ये कॉर्कच्या जमिनी केल्या जायच्या, कारण जिथे शांतता हवी तिथे बुटांचा आवाज नको. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर बांधलेलं 'फॉलिंगवॉटर' हे घर, त्याच्या बाथरूममध्ये जमिनीला आणि भिंतींना कॉर्क आहे. आज ऑफिसवाल्यांना आवाज कमी करायचा तर पटकन कार्पेट आठवतं. पण कार्पेटमध्ये धूळ आणि सांडलेला चहा दोन्ही मुरतात. कॉर्कवरचा चहा लगेच पुसता येतो. लहान टीमच्या ऑफिसला, क्लिनिकला, नाचाच्या किंवा योगाच्या वर्गाला हा विचार करण्यासारखा पर्याय आहे.

बरं, आता माझ्याकडे काय झालं ते सांगतो. यात माझ्या चुकाही आहेत.

कॉर्क दोन रूपांत मिळतो. एक, लॉक होणाऱ्या फळ्या, साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड. या न चिकटवता एकमेकींत अडकवतात. पण त्यांच्या मधला थर बहुतेक वेळा दाबलेल्या लाकडाच्या भुश्शाचा असतो. तो पाणी प्यायला की फुगतो, आणि वाळवीचा प्रश्नही उघडा राहतो. दुसरं रूप म्हणजे ४ ते ६ मिलिमीटरच्या पूर्ण कॉर्कच्या लाद्या, ज्या गोंदाने चिकटवतात. आपला पावसाळा, आपल्याकडे फरशी पुसायची पद्धत, हे बघून मी ६ मिलिमीटरच्या लाद्या घेतल्या. फक्त माझ्या खोलीसाठी. खर्च? मजुरी धरून एका बऱ्यापैकी लॅपटॉपएवढा. टाइलच्या मानाने महाग आहे, खोटं कशाला बोलू. आईने तो आकडा ऐकून विचारलं, "बुचांना एवढे पैसे?"

मिस्त्रींनी आयुष्यात कॉर्क बसवला नव्हता. लादी हातात घेऊन त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "ही टिकणार का पण, साहेब?" मी आत्मविश्वासाने हो म्हणालो. मला स्वतःला खात्री नव्हती.

पहिली चूक तिथेच झाली. व्हिट्रिफाइड टाइल इतकी गुळगुळीत असते की ती पाणी शोषत नाही आणि गोंद तिला नीट धरत नाही. आधी तिचा वरचा चकचकीत थर घासून खरबरीत करायचा, सांधे भरून सपाट करायचे, लागेल तिथे प्रायमर मारायचा, मग कॉर्क. आम्ही घाईत थेट चिकटवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या चार लाद्या पापडासारख्या उचलल्या. त्या काढून सगळं पुन्हा केलं. दुसरी गोष्ट, लाद्यांची खोकी उघडून किमान दोन दिवस त्याच खोलीत ठेवायची, म्हणजे तिथल्या हवेला त्या सरावतात. आणि हे काम भर पावसाळ्यात काढू नका. आम्ही फेब्रुवारीत केलं. शेवटी वरून सीलरचे हात. आणि हो, जमीन ६ मिलिमीटर वर आली म्हणून दार अडकलं, सुताराला बोलावून ते खालून रंधून घ्यावं लागलं.

मग आला परीक्षेचा रविवार. मी वहिनींना विचारून पुन्हा खाली गेलो. भाऊ वरती. खुर्चीचा आवाज? मी म्हटलं, अरे सुरू कर ना. वहिनी म्हणाल्या, "फोन करून विचारा." फोन केला तर तो म्हणाला, कधीचा सरकतोय! कान देऊन ऐकलं तर अगदी बारीक सरसर होती. टाचांचा दण दण गेला, तिथे दबका ठप ठप उरला. मग मी त्याला स्टीलचा डबा पाडायला सांगितला. तो ऐकू आला. पूर्वीसारखा छाती हलवणारा नाही, पण आला. आणि त्याने फोनवर मोठ्याने हसून बोलायला सुरुवात केली, तर ते पहिल्याइतकंच ऐकू आलं. कारण कॉर्क आघाताचा आवाज मारतो, हवेतला फारसा नाही. त्यामुळे रात्रीच्या कॉलला मी आता खिडकी बंद करतो आणि हळू बोलतो. त्याला कुठलीही लादी पर्याय नाही.

पॉडकास्ट करणाऱ्या मित्रांसाठी एक सूचना. मला वाटलं होतं, कॉर्क टाकला की खोलीतला घुमणारा आवाजही जाईल आणि रेकॉर्डिंग स्टुडिओसारखं होईल. नाही झालं. सीलर मारलेला पातळ कॉर्क खोलीतली घुमी किंचितच कमी करतो. तुम्ही आत्ता जो आवाज ऐकताय, त्याचं श्रेय जाड पडद्यांना आणि पुस्तकांच्या कपाटाला.

आणखी काही गोष्टी, ज्या विकणारे सांगत नाहीत. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर कॉर्कचा रंग उडतो. मी एक चटई आठ महिने एकाच जागी ठेवली होती. उचलली, तर तिच्याखालचा चौकोन गडद आणि बाजूची जमीन फिकी. आता पडदा ओढून घेतो. खुर्चीची कडक नायलॉनची चाकं काढा, मऊ चाकं लावा. कपाटाच्या आणि टेबलाच्या पायांखाली फेल्टच्या चकत्या लावा, नाहीतर खड्डे पडतात. कुत्रा असेल तर नखांचे ओरखडे येणार. कॉर्कला पाण्याचे थेंब चालतात, डबकं चालत नाही. आमच्या कामाच्या मावशींना मी हात जोडून सांगितलंय, या खोलीत बादली ओतायची नाही, फडकं घट्ट पिळून पुसायचं, फिनाइल नको. पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "फरशी आहे का गादी?" स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराच्या दाराशी आम्ही कॉर्क टाकलाच नाही. आणि मे महिन्यात दुपारी गार फरशीवर उताणं पडण्याचं सुख या खोलीत नाही. ते हवं असेल तर हॉलमध्ये जावं लागतं.

मग घ्यावा का? माझं मत सांगतो. सगळ्या घराला टाकायची गरज नाही. तुमच्या खाली कुणी राहत असेल आणि तुम्ही रात्री जागत असाल, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तासन्‌तास उभं राहायचं काम असेल, तर त्या एका खोलीपुरता विचार करा. भाड्याच्या घरात असाल किंवा बजेट नसेल, तर आधी खुर्चीची चाकं बदला, टेबलाखाली कॉर्कची किंवा जाड रबराची चटई टाका, घरात मऊ चप्पल घाला. निम्मा त्रास तेवढ्याने कमी होतो. मी हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दोन वर्षं नाही केलं, कारण मला कुणी ऐकवलंच नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित झाली. आई हल्ली संध्याकाळी भाजी निवडायला माझ्या खोलीत येते, खाली मांडी घालून बसते. तिचे गुडघे दुखतात, टाइलवर ती कधी बसायची नाही. एकदा तळहात जमिनीवर फिरवत म्हणाली, "आमच्या गावच्या घरी शेणाने सारवलेली जमीन असायची ना, तशी वाटते. पायाला बोचत नाही." ज्या बुचांना एवढे पैसे कशाला म्हणाली होती, त्यांच्यावर बसून ती आता मेथी निवडते.

आणि खालचं बाळ? आता ते बाळ राहिलेलं नाही, चालायला लागलंय. वहिनी परवा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "आता हाच दिवसभर घरभर धावतो, आमच्या खालचे काका तक्रार घेऊन आले होते. ते तुमचं बूच कुठून आणलंत?" मी त्यांना मिस्त्रींचा नंबर दिला.

तर मंडळी, आज एक काम करा. तुमच्या खाली कुणी राहत असेल, तर त्यांना एकदा विचारा, आमचा आवाज येतो का? ते म्हणाले "येऊन ऐका", तर जा. काय ऐकलंत ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि रात्री खुर्ची जरा उचलून सरकवा.